मॉडेलचं कौशल्य दिसेल असं व्हिडिओ पोर्ट्रेट कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की मैत्रीण मॉडेलिंग करते, फोटोंचा पोर्टफोलिओ तयार आहे, पण चालणं आणि पोझ यापलीकडे तिचं काही दिसावं असा मिनिटभराचा व्हिडिओ तिला हवाय. मी मुंबईत हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी कॅमेरा बाजूला ठेवा आणि तिच्याशी निवांत गप्पा मारा. "तुला काय येतं?" असं थेट विचारलंत तर "खास काही नाही" हेच ऐकायला मिळेल. शाळेत काय करायचीस, घरी कुणाच्या हाताखाली काय शिकलीस, असं विचारत राहा. माझ्याकडे साताऱ्याची एक मुलगी आली होती. तासाभराने बोलता बोलता म्हणाली, "दहावीपर्यंत दोरीचा मल्लखांब करायचे, पण त्याचा इथे काय उपयोग?" आमचा व्हिडिओ तिथेच ठरला.

महिनाभर तिने पुन्हा सराव केला आणि तिच्या जुन्या सरांच्या देखरेखीखाली आम्ही एका सकाळी शूट केलं. माझ्या मनात होतं की पायघोळ रेशमी झगा घालून ती दोरीवर चढेल. सरांनी साफ नाही म्हटलं. सैल कापड दोरीत अडकलं तर जिवावर बेतेल. त्यांचंच बरोबर होतं. मग दोरीवर सरावाचे कपडे, आणि झगा खाली उतरल्यावर, त्याच दोरीला टेकून. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात ती दोरी पकडते, तो शॉट मी अगदी जवळून घेतला. कातडी आधी ताणून पांढरी पडते, मग अख्ख्या अंगाचा भार त्या पकडीवर येतो. त्यानंतर लगेच चेहरा: ओठ मिटलेले, नजर वर. "जरा कॉन्फिडन्स दाखव" असं शंभरदा सांगूनही असा चेहरा मिळत नाही. एका जागी तिचा पाय निसटला होता, तेवढं मी एडिटमध्ये काढलं. तिने ते परत घालायला लावलं. म्हणाली, मी सावरले कशी ते तिथेच दिसतंय.

म्हणून माझं ठाम मत आहे की एक कृती निवडा आणि ती पूर्ण होऊ द्या. दर सेकंदाला कट मारलात तर कौशल्य तिचं की एडिटिंगचं, हे बघणाऱ्याला कळतच नाही. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६४ ते १९६६ या काळात न्यूयॉर्कमध्ये अशी शेकडो मूक पोर्ट्रेट्स केली, तीही १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, बहुतेक वेळा कॅमेरा न हलवता. सेकंदाला २४ फ्रेमने शूट करून १६ च्या वेगाने दाखवायची, त्यामुळे पावणेतीन मिनिटांचा रोल चार मिनिटांच्या आसपास चालतो. मॉडेल जेन होल्झर त्यातल्या एकात दात घासते. बस्स, एवढंच. तरी नजर हटत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली शटर १/६० सेकंद ठेवलंत तर पडद्यावर पट्टे सरकताना दिसू शकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर चेहऱ्याला ८५ मिलिमीटरची लेन्स छान. मोबाइल असेल तर तो तोंडाशी नेऊ नका, नाक मोठं दिसतं. मागे सरकून टेलीने, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सने घ्या. स्लो मोशन एखाद्याच ठिकाणी वापरा. आणि जागेवरचा आवाज वेगळा रेकॉर्ड कराच. आमच्या व्हिडिओत संगीत नाही, फक्त श्वास आणि दोरीची करकर आहे.

एक गोष्ट मात्र मैत्रीतही टाळू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, एखाद्याने मोबदला देऊन फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी करून घेणाऱ्याची. फुकट 'कोलॅब' असेल, म्हणजे कुणी कुणाला पैसे देत नसेल, तर हे गणित बदलतं आणि पुढे तिलाच स्वतःचा व्हिडिओ वापरायला अडचण येऊ शकते. कोण कुठे वापरणार, जाहिरातीसाठी द्यायचा की नाही, हे कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा आणि मगच शूटची तारीख ठरवा.