पोरांचे कान आणि शूटिंग रेंज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझी मुलगी ११ वर्षांची आहे. स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं मेडल बघितल्यापासनं तिला रायफलचा नाद लागलाय, आता १० मीटर एअर रायफल शिकतीय. शेजारच्या बाजूला मोठी पोरं पॉइंट टू टू (.२२ बोअरचं, खऱ्या गोळीचं) पिस्तुल फायर करत असतात, तो आवाज लई बसतो कानात. दुकानदार म्हणतो ३३ एनआरआरचे (आवाज किती अडतो त्याचा डब्यावरचा आकडा) फोमचे प्लग घ्या, आकडा जेवढा मोठा तेवढं चांगलं. घरात माझ्या दिरांचे इयरमफ पण आहेत. पोरगी चष्मा लावते. काय घेऊ? — एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : आधी दिरांचे इयरमफ बाजूला ठेवा. मोठ्या डोक्याचा बँड लहान डोक्यावर सैल बसतो, कप कानाच्या खाली सरकतो आणि जिथं फट राहते तिथनं आवाज सरळ आत जातो, मग डब्यावर २५ लिहिलंय का ३० याला काही अर्थ उरत नाही. तो आकडा लॅबमधला असतो, तिथं जाणकार माणूस नीट बसवून मोजतो. रेंजवर, घामात, केस मधे आलेत, चष्म्याची काडी कपाच्या गादीला उचलतीय, अशा वेळी त्यातलं बरंच कमी मिळतं. फोमच्या प्लगचं तर आणखीच कमी, कारण ११ वर्षांच्या पोरीच्या कानाची नळी अरुंद असते आणि मोठ्यांच्या साइजचा प्लग निम्मा बाहेरच राहतो. म्हणून माझं स्पष्ट मत, आकडा नंतर बघा, आधी बसतंय का ते बघा.

तुमच्या मुलीसाठी मी लहान मुलांच्या साइजचे, पातळ कपाचे साधे इयरमफ सुचवेन. घ्यायच्या आधी दोन गोष्टी करा. पहिली, चष्मा आणि टोपी घालून, रायफल घेऊन पोझिशनला उभं राहायला सांगा आणि गाल स्टॉकला, म्हणजे रायफलच्या दस्त्याला टेकवल्यावर कप कुठं आपटतो का बघा. आपटला की पोरं नकळत कप वर सरकवतात आणि संरक्षण गेलंच. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जिथं वर्ल्ड चॅम्पियन झाली त्या ५० मीटर प्रोनमधे, म्हणजे पोटावर झोपून मारायच्या प्रकारात तर ही अडचण आणखी, म्हणून रायफलवाले बरेचजण प्लगच पसंत करतात. दुसरी, इयरमफ घातल्यावर तिनं दोन्ही कप तळहातानं दाबायचे. दाबल्यावर आवाज आणखी कमी झाला तर कुठंतरी गळतंय, दुसरी साइज बघा. चष्म्याच्या काड्या जाड असतील तर बारीक काडीची फ्रेम करून घ्या, त्यानं पण फरक पडतो.

आता शेजारच्या पिस्तुलाचं. एअर रायफलचा आवाज पॉइंट टू टू पेक्षा बराच कमी असतो, पण बंद हॉलमधे तो भिंतीवर आपटून परत येतो आणि तासभर चालतो, म्हणून तिथं पण कान झाकायचेच. पॉइंट टू टू ची गोष्ट वेगळी आहे. रायफलचा एक बार साधारण १४० डेसिबलच्या आसपास जातो, आखूड नळीच्या पिस्तुलाचा त्याच्या वर. अशा क्षणिक आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांना १४० आणि लहान मुलांना १२० ची मर्यादा सांगितलीय. डेसिबलमधे १० वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट होते, त्यामुळं हा २० चा फरक शंभरपटीचा आहे. म्हणून ते फायरिंग चालू असताना तिनं प्लग आणि त्यावर इयरमफ, दोन्ही घालावेत. दोन्हीचे आकडे बेरीज होत नाहीत, जो जास्त आहे त्यावर साधारण ५ च वाढतात, पण एकात फट राहिली तर दुसरा असतो. प्लग लहान साइजचे घ्या आणि ती स्वतः नीट घालायला शिकेपर्यंत तुम्ही घाला : बोटात बारीक पिळायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागं ओढायचा, आत सारून तो फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर प्लग अजिबात नको.

आणि दोन्ही घातल्यावर तिला लोड, स्टार्ट, स्टॉप ऐकू येतं का ते सरांसमोर एकदा तपासून घ्या. कमांड ऐकू आली नाही म्हणून कप उचलायची सवय लागली तर मग सगळं मुसळ केरात.

प्रश्न : माझ्याकडं नॉइज कॅन्सलिंगचे भारी ब्लूटूथ हेडफोन आहेत, मुलाला रेंजवर तेच दिले तर? आणि इलेक्ट्रॉनिक इयरमफ कसे? — एक वडील, राजारामपुरी

उत्तर : हेडफोन नको. ते विमानाची, एसीची एकसारखी घरघर कमी करायला बनवलेत, गोळीचा आवाज एका झटक्यात येऊन जातो, ते तेवढ्यात काही करू शकत नाहीत. इलेक्ट्रॉनिक इयरमफ चांगली वस्तू आहे, बोलणं ऐकू येतं आणि मोठा आवाज आला की माइक बंद होतो, शिकवताना फार सोपं जातं. पण मुलगा पुढं मॅच खेळणार असेल तर आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमात खेळाडूला असे रिसीव्हर असलेले इयरमफ चालत नाहीत, म्हणून साध्याची सवय आधीपासनं असू द्या. महागडं घेऊन मग मॅचच्या दिवशी काढून ठेवायचं, हे बरोबर नाही.

प्रश्न : मोठ्याला सोडायला जाताना धाकटा ४ वर्षांचा बरोबर असतो, मागं बाकावर बसतो. त्याला कापूस घातला तर चालेल ना? — एक पालक, कळंबा

उत्तर : कापूस जवळजवळ काहीच अडवत नाही. आणि ४ वर्षांचं पोरगं इयरमफ काढून हातात घेऊन खेळणारच, तुमचं लक्ष मोठ्याच्या टार्गेटवर. दुधाळीच्या रेंजला असो नाहीतर दुसरीकडं कुठं, पॉइंट टू टू चालू असताना धाकट्याला आत नेऊच नका, बाहेर लांब फिरवा. कान झाकायचे ते दारातनं आत जातानाच, आपली पाळी आल्यावर नाही, हे मोठ्यालाही सांगा.

प्रश्न : मुलाचा प्लग निसटला होता, रात्री कानात शिटी वाजल्यासारखं होत होतं, सकाळी थांबलं. काळजीचं आहे का? — एक आई, रंकाळा

उत्तर : थांबलं ते बरं झालं, पण कानाला मार बसला होता एवढं नक्की. आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या बारीक केसपेशी असतात, त्या मेल्या की परत येत नाहीत. ऐकू कमी यायची सुरुवात बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक, उंच पट्टीच्या आवाजापासनं होते, त्यामुळं घरात नेहमीचं बोलणं ठीक ऐकू येतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. थोडे दिवस रेंज बंद ठेवा, गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर पण उभं करू नका, कानाला तो बार वेगळा आणि हा वेगळा असं काही कळत नाही. एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, कोल्हापुरातल्या सीपीआर सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या कान-नाक-घशाच्या (ईएनटी) डॉक्टरकडं. परत शिटी वाजली आणि दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा एका कानानं कमी ऐकू यायला लागलं तर वाट न बघता लगेच दाखवा, अशात औषध लवकर सुरू झालेलं चांगलं. तो ऑडिओमेट्रीचा कागद जपून ठेवा, पुढच्या वर्षीची तपासणी त्याच्याशीच ताडून बघायची असते.