जुन्या इटालियन गाडीचा सातबारा

मागच्या लेखात फेरारी २५० जीटीओबद्दल लिहिलं होतं. शर्यतीसाठी बनलेल्या या मॉडेलची ३४१३ क्रमांकाची गाडी (हा चासीचा, म्हणजे सांगाड्याचा नंबर) ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आज घेतो.

त्या ३४१३ ची बॉडी १९६४ मध्ये बदलली होती, असं तुम्हीच लिहिलंत. मग तिला ‘ओरिजिनल’ कसं म्हणायचं? (एक वाचक, पुणे)

सर्वांत जास्त पत्रं याच मुद्द्यावर आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९६२ मध्ये बनलेली ही तिसरी जीटीओ. शर्यतपटू फिल हिलने ती सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ या शर्यतीच्या सरावात चालवली. नंतर एदोआर्दो लुआल्दी-गाबार्दीने ती घेतली आणि तिच्यावर त्या वर्षीचं इटलीचं जीटी (ग्रँड टुरिंग, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवर आधारलेला शर्यतीचा गट) अजिंक्यपद मिळवलं. पुढे ती जान्नी बुल्गारीकडे आणि त्यानंतर कोर्रादो फेर्लाइनोकडे गेली. नापोली फुटबॉल क्लबचा पुढे अध्यक्ष झालेला फेर्लाइनो तो हाच. १९६४ साठी फेरारीने जीटीओची बॉडी नव्याने आखली. त्या घाटाच्या तीनच गाड्या नवीन बनल्या आणि आधीच्या चार गाड्यांवर ती बॉडी चढवली गेली. ३४१३ ही त्या चारांतली. काम केलं ते मोदेनाच्या स्कालिएत्तीने, म्हणजे जिथे तिची पहिली बॉडी ठोकून घडवली होती त्याच कारखान्याने.

बदल झाला की नाही, एवढंच विचारून भागत नाही. तो कोणी केला, कधी केला आणि कशासाठी केला, हे विचारावं लागतं. इथे गाडी शर्यतीत धावत होती, बदल तिच्याच घडवणाऱ्यांनी केला आणि तो जास्त वेगासाठी केला. मूळ इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल लिलावाच्या दिवशीही तिच्यात होते. त्यामुळे १९६४ ची बॉडी हा तिच्या आयुष्याचाच भाग आहे, असं मी मानतो. उद्या कोणी ती उतरवून १९६२ सारखी नवी बॉडी चढवली, तर ती ‘पहिल्यासारखी’ दिसेल खरी, पण स्कालिएत्तीच्या हातचं खरं काम गेलेलं असेल आणि त्या जागी आजचा पत्रा आलेला असेल.

‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे नेमकं काय? आणि फेरारीचा विषम नंबर असेल तर ती शर्यतीची गाडी नसते, हे खरं का? (एक वाचक, नाशिक)

कारखान्यातून निघताना गाडीत जे इंजिन, जी गिअरबॉक्स आणि जी बॉडी होती तीच आजही असेल आणि त्यांचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळत असतील, तर त्याला मॅचिंग नंबर्स म्हणतात. चासीवर एक नंबर पंच केलेला असतो, इंजिनच्या ब्लॉकवर दुसरा. जुन्या फेरारींच्या इंजिनांवर त्याखेरीज कारखान्याचा एक अंतर्गत क्रमांकही असतो. लॅम्बोर्गिनी मिउराची चासी मोदेनाच्या मार्केझींकडे बनायची, बॉडी तुरिनमध्ये बेर्तोनेकडे आणि जुळणी लॅम्बोर्गिनीच्या सांतागातातल्या कारखान्यात व्हायची. म्हणून तिथे चासी, इंजिन आणि बॉडी असे तिन्ही नंबर ताडून पाहावे लागतात.

विषम-समचं म्हणाल तर ते अर्धसत्य आहे. त्या काळात फेरारी रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि शर्यतीच्या गाड्यांना सम नंबर देत असे. पण जीटीओ शर्यतीसाठीच बनलेली असूनही जीटी गटातली होती, म्हणून तिचे नंबर विषम आहेत. फेरारीचीच डिनो २४६ पूर्णपणे रस्त्यावरची, तरी तिचे नंबर सम. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. धातू घासून त्यावर नवा नंबर पंच करणं अवघड नाही. म्हणून नुसता नंबर वाचू नका, त्याच्या आजूबाजूची जागा बघा. ग्राइंडरचे ओरखडे आहेत का, अक्षरांचं वळण त्या वर्षाच्या इतर गाड्यांशी जुळतं का, वेल्डिंग नंतरचं आहे का, हे तपासा. फेरारीचा ‘क्लासिके’ हा विभाग आणि लॅम्बोर्गिनीचा २०१५ मध्ये सुरू झालेला ‘पोलो स्तोरिको’ प्रमाणपत्रं देतात, ती मोलाची आहेत. पण जुन्या नकाशांवरून इंजिनचा ब्लॉक नव्याने ओतूनही मिळू शकतो. म्हणून प्रमाणपत्र हातात आलं की ‘ब्लॉक मूळचाच का?’ हा प्रश्न वेगळा विचारा.

इटलीतल्या जुन्या मालकांची साखळी कशी शोधायची? (एक वाचक, लंडन)

आपल्याकडे जमीन घेताना आपण सातबारा आणि फेरफार बघतो. इटलीत गाड्यांसाठी तशीच सोय १९२७ पासून आहे. तिचं नाव पुब्लिको रेजिस्त्रो आउतोमोबिलिस्तिको, बोलताना ‘पीआरए’. तिथून ‘एस्त्रात्तो क्रोनोलोजिको’ मिळतो. एस्त्रात्तो म्हणजे शब्दशः उताराच. पहिली नोंदणी, प्रत्येक विक्री आणि कर्जाचा बोजा तारखेनिशी त्यात असतो.

मागणीसाठी नंबर प्लेटचा क्रमांक लागतो आणि लोक इथेच अडतात. जुन्या इटालियन प्लेटवर प्रांताची अक्षरं असत : मिलानला ‘एमआय’, तुरिनला ‘टीओ’, मोदेनाला ‘एमओ’. गाडी दुसऱ्या प्रांतात गेली की प्लेटही बदले. त्यामुळे एका गाडीच्या तीन-चार प्लेटा सहज निघतात आणि प्रत्येकीचा धागा वेगळा पकडावा लागतो. गाडी परदेशी गेली की नोंद बंद होते. त्यापुढचा शोध त्या देशातल्या कागदांत, जुन्या बिलांत, विम्याच्या पत्रांत आणि घरगुती फोटोंत घ्यायचा. फोटोचा मला फार भरवसा वाटतो, कारण बंपरला आलेला पोचा, जाळीतला वाकलेला गज असल्या खुणा कोणी मुद्दाम बनवत नाही.

मधली पाच-सात वर्षं कोरी राहिली तर घाबरू नका. १९७० च्या सुमाराला या गाड्या म्हणजे जुन्या, पेट्रोल पिणाऱ्या, कोणाला नकोशा झालेल्या गाड्या होत्या. त्यांचे कागद कोण जपणार? कोरी जागा मला चालते. त्या जागी ‘बहुधा मिले मिल्या धावली असावी’ असं कोणी लिहिलेलं चालत नाही. मिले मिल्या ही इटलीतली रस्त्यावरची शर्यत; तिच्या आजच्या आवृत्तीत मुख्यतः १९२७ ते १९५७ च्या मूळ शर्यतीत धावलेल्या मॉडेलांना प्रवेश मिळतो. त्यामुळे असल्या ‘असावी’ला बाजारात मोठी किंमत येते. म्हणूनच ती खोडून काढली पाहिजे.

गाडी पूर्वी चोरीची निघाली तर पैसे देऊन घेणाऱ्याचं काय? (एक वाचक, ठाणे)

फेरारी ३७५ प्लसचं उदाहरण बघा. १९५४ मध्ये अशा पाचच गाड्या बनल्या. त्यातली ०३८४ क्रमांकाची १९५८ पासून अमेरिकेत ओहायोमध्ये एका माणसाकडे होती. १९८० च्या दशकात ती त्याच्या आवारातून चोरीला गेली आणि बेल्जियममध्ये उगवली. तिथे माजी शर्यतपटू आणि फेरारीचे विक्रेते जॅक स्वाटर्स यांच्याकडे ती आली. त्यांनी तिचं काम करून घेतलं. बॉडीचे काही मूळ भाग मात्र ओहायोतच राहिले. म्हणजे गाडी एका खंडात, तिचे अवयव दुसऱ्या खंडात आणि हक्क सांगणारे दोन्हीकडे. वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडच्या लिलावात सगळे भाग एकत्र करून ती सुमारे १ कोटी ७ लाख पौंडांना विकली गेली, आणि त्यानंतरही प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलंच.

ताबा आणि मालकी यात फरक आहे, तो असा. १९७८ मध्ये लॉस एंजेलिसला एका घराच्या आवारात जमिनीत पुरलेली डिनो २४६ सापडली, तेव्हा मालकी कोणाची हा वाद उरला नव्हता. चोरीचा दावा विमा कंपनीने आधीच चुकता केला होता, म्हणून गाडी त्या कंपनीची झाली. तुमच्या बाबतीत पहिला कागद हाच मागा : चोरीची नोंद कुठे आहे का, असेल तर ती कशी मिटली आणि मिटल्याची सही कोणाची आहे.

मोदेना भागात हुबेहूब जीटीओ बनवून मिळते. घ्यावी का? (एक वाचक, दुबई)

ती कशातून बनते ते आधी विचारा. बऱ्याचदा खाली २५० जीटीई असते. १९६० ते ६३ मधली ही चार सीटची फेरारी. तिच्यातही तीन लिटरचंच बारा सिलिंडरी इंजिन. जीटीई कोणी विचारत नव्हतं त्या काळात अशा कितीतरी गाड्या कापल्या गेल्या. २६०० मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० वर आणला, वर अ‍ॅल्युमिनियमची बॉडी चढवली, झाली जीटीओ! एक खरी फेरारी त्यात कायमची गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओच्या घाटाला कलाकृतीचं संरक्षण दिलं. माझं उत्तर ‘घेऊ नका’ असंच आहे. तेवढ्या पैशांत न कापलेली जीटीई मिळाली तर जरूर घ्या.

जुनी गाडी सापडली तर रंगवून घ्यावी की तशीच ठेवावी? आमच्याकडे आजोबांची १९६३ ची फियाट ११०० आहे, म्हणून विचारते. (एक वाचक, कोल्हापूर)

फ्रान्समध्ये एका परिवहन व्यावसायिकाचा साठा २०१४ मध्ये उजेडात आला. त्यात एकेकाळी नट आलाँ दलों याच्याकडे असलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती. वर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले. पॅरिसच्या लिलावात फेब्रुवारी २०१५ मध्ये ती तशीच, धुळीसकट आणली आणि सुमारे १ कोटी ६३ लाख युरोला गेली. दलोंच्या नावाचा वाटा त्यात होता, पण बोली लावणाऱ्यांना न उघडलेलं, न घासलेलं यंत्र हवं होतं. २०१७ मध्ये जपानच्या एका कोठारातून आलेली अ‍ॅल्युमिनियम बॉडीची फेरारी डेटोना फेरारीच्याच गावी, मारानेल्लोला, १८ लाख ७ हजार युरोला विकली गेली, तीही धुळीत माखलेली. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची तुरिनची सनदही आधी जपणूक, मग दुरुस्ती आणि अगदी शेवटी पुनर्बांधणी हाच क्रम सांगते.

तुमची ११०० कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली असणार. लाखोंचा व्यवहार नाही, पण नियम तोच. पत्रा कुजला असेल तिथेच कापा, चालणारं काहीही बदलू नका, ब्रेक आणि टायर मात्र नवे घाला. गाडी पन्नास वर्षांवरची असल्यामुळे २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी होऊ शकते. पण मग ती रोज वापरता येणार नाही, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला असेल तर अडचण येईल.

गॅरेजला देण्याआधी चारही बाजूंनी, बोनेटखाली आणि चासीच्या नंबरचे फोटो काढा. आजोबांच्या नावाचं आरसी बुक, पेट्रोलच्या पावत्या, वहीत लिहिलेला सर्व्हिसिंगचा खर्च, सगळं एका फाइलमध्ये लावा. आणि मेकॅनिकला आधीच बजावून ठेवा की काढलेला प्रत्येक भाग, अगदी फाटलेलं सीट कव्हरसुद्धा, पिशवीत घालून परत द्यायचा.