रिपोर्टात ‘एमएलएच-१ लॉस’ म्हणजे जनुकच गेलं का?

तुम्ही विचारलंय की आत्याला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आहे, रिपोर्टात ‘ईआर पॉझिटिव्ह, पी५३ वाइल्ड टाइप, एमएलएच-१ लॉस’ असं लिहिलंय, तर जनुकांच्या ‘एक्स्प्रेशन’चा गाठ वाढण्या-पसरण्याशी काय संबंध आणि घरातल्या बाकीच्या बायकांना धोका आहे का.

मी डॉक्टर नाही. मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गाठीचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक कापायचे, काप काचेवर घेऊन रंगवायचे आणि काचा पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या, हे माझं काम. औषधोपचाराचं तुमचे डॉक्टरच सांगतील, मी काचेवर दिसतं तेवढं सांगते.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी वाचली जात नाहीत. जे वाचलं जातं त्याचं बहुतेकदा प्रोटीन बनतं, त्यालाच एक्स्प्रेशन म्हणायचं. आम्ही मेणाच्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचा काप घेतो, तो प्रेशर कुकरमध्ये उकळतो (हो, कुकरच, शिट्टीसकट) आणि त्यावर अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रोटीनलाच चिकटणारा पदार्थ, घालतो. एमएलएच-१ प्रोटीन असेल तिथं पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तिथं निळं राहतं. आत्याच्या काचेवर शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी आणि गाठीतल्या निळ्या दिसल्या असणार. म्हणजे रंग नीट चढला होता, गाठीत प्रोटीनच नव्हतं.

पण प्रोटीन नाही म्हणजे जनुक गेलं असं नाही. या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा एमएलएच-१ जनुक शाबूत असतं, फक्त त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइलचे कण चिकटून बसतात आणि ते वाचताच येत नाही. सातबारा तलाठ्याच्या कपाटात आहे, पण कपाटाला कुलूप, तसं. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणं हे या प्रोटीनचं काम. ते थांबलं की चुका साचतात, आणि त्यातली एखादी नेमकी पीटेनसारख्या जनुकात पडते. पीटेन हा वाढीचा ब्रेक. तो गेला की पेशी दुप्पट-चौपट होत सुटतात.

घरच्यांच्या धोक्याचं उत्तरही इथंच आहे. मिथायलेशनची तपासणी करायला सांगा. कुलूप सापडलं, तर दोष बहुधा त्या गाठीपुरता, वारशाचा नाही. नाही सापडलं, तर लिंच सिंड्रोमसाठी (दुरुस्तीच्या जनुकातला जन्मजात दोष) आत्याची रक्ततपासणी करावी लागते. तो वारशाने येतो आणि त्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सरही होतो. त्यामुळे आजोबा-काकांपैकी कुणाला तसं काही झालं होतं का, हे आधीच विचारून ठेवा.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन पकडणारं प्रोटीन. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवरतं. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतं, पण अंगावरची चरबी इस्ट्रोजेन बनवतच राहते, म्हणून वजन जास्त असेल तर हा कॅन्सर जास्त आढळतो. ईआर असलेली गाठ साधारणपणे सावकाश वाढते.

पी५३ म्हणजे पेशींच्या वाढीवर लक्ष ठेवणारं प्रोटीन. त्याच्या बाबतीत लोक हमखास फसतात. ‘निगेटिव्ह’ वाचलं की पेढे वाटायचे बाकी राहतात. पण काच पूर्ण कोरी असणंही वाईट आणि सगळी केंद्रकं गडद असणंही वाईट. बिघडलेलं पी५३ मोडीत निघत नाही, साचतं, म्हणून ती गडद दिसतात. कुठं फिकी, कुठं गडद अशी विखुरलेली दिसली तर ती ‘वाइल्ड टाइप’, म्हणजे पी५३ न बिघडलेली, तुमच्या आत्याची तशी. पी५३ बिघडलेली गाठ लवकर पसरते. पसरायचं तर पेशींना एकमेकींना सोडावं लागतं. ई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन त्यांना चिकटवून ठेवतं. ते बनणं कमी झालं की पेशी सुट्या होऊन गर्भाशयाच्या स्नायूत शिरतात आणि पुढं लसिका ग्रंथींपर्यंत जातात.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या जनुकीय प्रकल्पाने ३७३ गाठी तपासून या कॅन्सरचे चार गट पाडले. आत्याचा दुरुस्ती बिघडलेला गट त्यातलाच एक. आजार पसरला किंवा उलटला, तर या गटात इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारा उपचार, चांगली लागू पडते. पोली (POLE) नावाच्या जनुकात बदल असलेला गट दिसायला भयंकर, पण वागायला सगळ्यात सौम्य. तो मात्र आमच्या रंगात दिसत नाही, डीएनएच वाचावा लागतो.

एक तक्रार सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागे एका ठिकाणाहून अख्खं गर्भाशय न कापता बरणीत कोंबून आलं, नमुना टिकवणारं फॉर्मलिन जेमतेम तळाला. आतला भाग सडलेला. रंगवलं तर निरोगी पेशीही निळ्या. त्या बाईंच्या रिपोर्टात ‘लॉस’ लिहायचं की नाही, हे मॅडमना ठरवताच आलं नाही. म्हणून रिपोर्टात ‘इंटर्नल कंट्रोल’चा, म्हणजे शेजारच्या निरोगी पेशींवर रंग चढल्याचा, उल्लेख आहे का, ते बघून घ्या.

आणि मुंबईला टाटाला दुसरं मत घ्यायला जाणार असाल, तर लॅबमधून काचा आणि ब्लॉक दोन्ही मागून न्या. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.