डोळ्यांना नंबर नाही, मग हा वाचत का नाही?

"मॅडम, डोळे तपासून आणलेत. 6/6 आहेत. नंबर नाही म्हणजे आळसच की!" सांगलीत विश्रामबागच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्या आई-वडिलांनी ऐकवलंय की आता एकदा लिहायलाच हवं.

ओंकार (नाव बदललंय) सहावीतला. तोंडी विचारलं की धडाधड उत्तरं. धडा वाचायला दिला की ओळ सुटते, मग डोकं दुखतं, मग तहान लागते. आईने रागावून पाहिलं, सायकलचं आमिष दाखवलं, शिकवणी लावली. पहिल्या दोन भेटींत तोही मला तेच सांगत होता: "मी आळशी आहे." मुलाच्या तोंडी मोठ्यांचं वाक्य आलं की मी थांबते. मूल मुद्दाम टाळतं, यावर माझा विश्वास नाही. ते कशापासून तरी स्वतःला वाचवत असतं.

तिसऱ्या भेटीत गोष्टीचं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. चार ओळींत डावा तळवा डोळ्यावर गेला. आई लगेच म्हणाली, "हात काढ! बघा, ही सवय."

मी तिला हातानेच थांबवलं. "ओंकार, हात ठेवला की काय होतं?"

"अक्षरं एक होतात."

"आणि काढला की?"

"दोन-दोन. एकमेकांवर चढतात." मग जरा गोंधळून, "सगळ्यांना तसंच दिसतं ना?"

आई गप्प झाली. अकरा वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं की पानावर तुला काय दिसतं. त्याला वाटत होतं, इतर मुलं दोन-दोन अक्षरांतूनही वाचतात, आपणच कच्चे. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात या एका प्रश्नाने जेवढी दारं उघडली, तेवढी कुठल्याच चाचणीने उघडली नाहीत.

6/6 म्हणजे लांबचा तक्ता नीट दिसतो, एवढंच. जवळचं वाचताना दोन्ही डोळ्यांना आत वळून एकाच अक्षरावर यावं लागतं आणि ते टिकवावंही लागतं. मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पेनचं टोक नाकाकडे आणलं. एरवी ते तीन-चार बोटांवर येईपर्यंत एकच दिसतं. ओंकारला वीतभर अंतरावरच दोन दिसली. जवळचं पाहताना डोळे असे पुरेसे आत न वळण्याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. डोक्याला मार लागल्यावर मोठ्यांनाही हे होऊ शकतं. (मोठ्या माणसाला अचानक दोन-दोन दिसू लागलं तर मात्र माझ्याकडे येऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.)

मग व्हिजन थेरपी, म्हणजे डोळ्यांचे व्यायाम, सुरू झाली. आठवड्यातून एकदा ऑप्टोमेट्रिस्टकडे (नजर तपासणारे, व्यायाम करवून घेणारे तज्ज्ञ), बाकी दिवस घरी पंधरा मिनिटं. खिडकीच्या गजाला दोरी, तिच्यात रंगीत मणी, दुसरं टोक नाकाशी. मण्याकडे पाहिलं की दोरी दोन दिसून मण्यावर फुली व्हायला हवी. ओंकार पहिल्या दिवशी रडकुंडीला आला, "परत दोन दिसतायत!" इथे दोन दिसणं बरोबर आहे, म्हणजे दोन्ही डोळे जागे आहेत, हे पटायला त्याला आठवडा लागला. माझं काम तेवढंच होतं. व्यायाम त्यांचा, धीर माझा.

एवढा खर्च करून उपयोग होतो का, हे सगळेच विचारतात. अमेरिकेत 9 ते 17 वयाच्या 221 मुलांवर झालेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांकडे जाऊन आणि घरीही 12 आठवडे व्यायाम करणाऱ्यांपैकी 73 टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसती पेन्सिल नाकाशी आणणाऱ्यांत 43 टक्के. पण 2019 चा अभ्यासही मी प्रत्येक पालकाला सांगतेच: वाचलेलं समजण्यात या थेरपीने तुलनेसाठी दिलेल्या खोट्या, नुसत्या दिखाऊ थेरपीपेक्षा जास्त फरक पडला नाही. ती डिस्लेक्सियावरचा, म्हणजे अक्षरं नीट दिसूनही वाचायला जड जाण्यावरचा, उपाय नाही. तसं आश्वासन कुणी दिलं तर पैसे देऊ नका. अक्षर एकच दिसत असूनही मूल अडखळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, शाळेत सवलतीही मिळतात.

आणि घरी आज एवढं करा. "वाच" म्हणण्याआधी शेजारी बसा. एक डोळा झाकतो का, मान तिरकी करतो का, ओळीवर बोट ठेवल्याशिवाय चालत नाही का, ते पाहा. मग विचारा, न रागावता.

ओंकार अजून सावकाशच वाचतो. सहामाहीत मराठीचा शेवटचा प्रश्न राहिलाच. आईने मला पेपरचे गुण सांगितले नाहीत. म्हणाली, "मॅडम, तीन तास दोन्ही डोळ्यांनी लिहिलं म्हणे."