टाइल्सवर झालेला खर्च कर्जात परत मिळत नाही

ताई, तुमचा हिशेब वाचला. चिंचवडचा 1994 सालच्या इमारतीतला फ्लॅट कर्ज न काढता 48 लाखांना घेतलात, 11 लाख दुरुस्तीत घातलेत आणि 17,000 भाड्याने दिलात. आता तो तारण ठेवून 40 लाख मोकळे करायचे होते, पण बँकेसाठी घराची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरने ती 52 लाख धरली आणि बँक 26 लाखांवर अडली. तुमची निराशा मी समजू शकतो, कारण काही वर्षांपूर्वी मीही इथेच अडकलो होतो.

माझ्याकडे आलेला व्हॅल्युअर जेमतेम पंधरा मिनिटं थांबला. मॉड्युलर किचनकडे त्याने पाहिलंही नाही. कार्पेट एरिया, आजूबाजूचे व्यवहार, इमारतीचं वय, एवढंच त्याने टिपलं. बँकेला उद्या घर विकून वसुली करायची वेळ आली तर काय हाती लागेल, हे तो सांगतो. त्यात तुमचं खरेदीखत ताजं आहे. आठ महिन्यांपूर्वीचा 48 लाखांचा आकडा समोर असताना तो 70 लाख कसे लिहील? शिवाय तुम्ही बाल्कनी हॉलमध्ये घेतली आहे. मंजूर नकाशात ती बाल्कनीच असेल, तर वाढलेली जागा धरली जात नाहीच, उलट अहवालात शेरा येतो. इमारत जुनी असली की कर्जाची मुदतही तिच्या उरलेल्या आयुष्याकडे बघून ठरते.

दुसऱ्या बँकेकडून मूल्यांकन जरूर करून घ्या, लाख-दोन लाखांचा फरक पडतो. पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. 26 लाख, 10 टक्के, 15 वर्षं म्हणजे हप्ता सुमारे 28,000. भाडं 17,000, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स अडीच हजार. म्हणजे दरमहा साडेतेरा हजार पगारातून, आणि भाडेकरू बदलताना घर रिकामं राहिलं तर सगळाच हप्ता. अमेरिकेतले लोक घर घ्या, सुधारा, भाड्याने द्या, कर्ज काढून पैसे परत घ्या असं सांगतात, ते तिथल्या भाड्यांवर आणि तिथल्या लांब मुदतीच्या कर्जांवर बेतलेलं असतं. आपल्याकडे भाडं घराच्या किमतीच्या तीन-साडेतीन टक्के आणि तारण कर्जाचा दर त्याच्या तिप्पट. पूर्ण 40 लाख मिळाले असते तर मी जास्त घाबरलो असतो.

म्हणून उलट बाजूने मोजा. खर्च जाऊन उरणाऱ्या साडेचौदा हजारांत याच दराने साधारण साडेतेरा लाखांचं कर्ज फिटतं. तेवढंच घ्या. 11 लाखांची दुरुस्ती त्यात वसूल होते, 48 लाख घरातच राहू द्या. पुढच्या वेळी काम सुरू करण्याआधीच घरदुरुस्ती कर्जाची चौकशी करा, ते बहुधा तारण कर्जापेक्षा स्वस्त पडतं. झालेल्या कामाची बिलं मात्र जपून ठेवा. पुढे घर विकताना भांडवली नफा काढायचा झाला की सुधारणेचा खर्च दाखवायला तीच लागतात.

कागदांत सूची क्रमांक 2 (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या मालकांच्या करारांची साखळी आणि सोसायटीचं ना हरकत पत्र आताच जमवा. माझे सर्वाधिक दिवस त्या साखळीतल्या एका हरवलेल्या करारापायी गेले.

आणि एक सांगा, तुमचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे भाडेकरूसोबतचा करार, नोंदणी केलेला आहे ना? महाराष्ट्रात ती सक्तीची आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवर असेल तर आधी ते करून घ्या, नाहीतर हे 17,000 बँक बहुधा तुमच्या उत्पन्नात धरणार नाही.