लिनक्सवर सोर्समधून बांधून 'मेक इन्स्टॉल' झालं, तरी प्रोग्रॅम चालवताना 'शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही' अशी एरर का येते?

लायब्ररी आहे, पण लोडरला, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणाऱ्या भागाला, तिचा पत्ता माहीत नाही. सोर्समधून बांधलेली लायब्ररी बहुतेकदा यूएसआर-लोकल-लिब या फोल्डरमध्ये जाते आणि लोडर जुनी कॅशच, म्हणजे लायब्ररींची साठवलेली यादीच, बघत राहतो. आधी 'एलडीडी' या, प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणाऱ्या कमांडला प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ द्या; कुठल्या नावापुढे 'नॉट फाउंड' येतं ते नीट वाचा. मग 'सुडो एलडीकॉन्फिग' चालवा, म्हणजे ती कॅश नव्याने बनते. परवा सांगलीत, विश्रामबागला, भाच्याच्या उबुंटूवर एवढ्यानेच काम झालं. पोरगं दोन दिवस पुन्हापुन्हा कम्पाइल करत होतं.

एलडी-लायब्ररी-पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायची ते लोडरला सांगणारं व्हेरिएबल) तपासण्यापुरताच वापरा. बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंग फाइलमध्ये, कायमचा टाकू नका, दुसरे प्रोग्रॅमही नको ती लायब्ररी उचलतात.

एरर कम्पाइल करतानाच 'कॅनॉट फाइंड' अशी आली तर गोष्ट वेगळी: त्या लायब्ररीचं 'डेव्ह' पॅकेज (कम्पाइल करायला लागणाऱ्या फाइल्सचं) टाका.