एव्हरग्लेड्स : जूनमध्ये आई-बाबांना नेताय?

मे उजाडला की माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात. दक्षिण फ्लोरिडाच्या या पाणथळ जंगलात आपल्या लोकांना पायी फिरवते म्हणून विचारतात, त्याचं काही नाही. पण यंदा एकदाच सगळ्यांना उत्तरं देते.

ऑरलँडोहून सकाळी निघून एव्हरग्लेड्स चालून रात्री ‘की वेस्ट’ बेटावर पोहोचू का?

नाही. नुसतं होमस्टेडच्या प्रवेशद्वाराशी यायलाच चारेक तास लागतात. आदल्या रात्री मायामीत किंवा होमस्टेडलाच राहा.

चालायची फार सवय नाही. कुठली वाट सोपी?

प्रवेशद्वारातून आत आलात की रॉयल पामला गाडी लावा. तिथूनच दोन वाटा निघतात. अनहिंगा ट्रेल जाऊन-येऊन ०.८ मैल आहे, थोडी डांबरी आणि थोडी पाण्यावरच्या लाकडी फळ्यांची. अनहिंगा म्हणजे आपल्याकडच्या तिरंदाज पक्ष्याचा भाऊबंद. पंख पसरून वाळवत बसलेला हमखास दिसतो. दुसरी गंबो लिंबो, जेमतेम ०.४ मैल, दाट झाडीतली. मग गाडीने पुढे पा-हाय-ओकी आणि महोगनी हॅमक, या आणखी दोन छोट्या वाटा. इथे चढ-उतार असे नाहीतच, पण जमीन दोन-तीन फूट उंचावली की गवताळ पाणी संपून जंगल सुरू होतं. ते पायाखाली बघत चला. वादळानंतर एखादी वाट बंद असते, त्यामुळे निघायच्या दिवशी व्हिजिटर सेंटरमध्ये रेंजरला विचारा.

आई-बाबा जूनमध्ये येताहेत. वय ६८ आणि ७२. बाबा म्हणतात, ‘आम्ही नागपूरचे, ४५ अंश बघितलेत.’ दुपारी जेवून निघालो तर चालेल ना?

नाही चालणार, आणि हे जरा सविस्तर सांगते. थंडी टाळायची म्हणून आपण आई-बाबांना मे ते ऑक्टोबर बोलावतो. न्यू जर्सीत ते बरोबर आहे. इथे नेमकं उलटं. साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम. पाणी आटतं, उरलेल्या डबक्यांभोवती पक्षी आणि अ‍ॅलिगेटर (मगरीचे भाऊबंद) गोळा होतात, डासही कमी. जूनमध्ये पाणी सगळीकडे, म्हणजे प्राणीही पांगलेले. एवढं करून बघायला मिळणार काय, तर डास.

आणि नागपूरचं म्हणाल तर तिथली उष्णता कोरडी, घाम वाळतो आणि अंग निवतं. इथे तापमान ३२ असलं तरी दमटपणामुळे अंगाला ३८च्या वर जाणवतं. घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. बी.पी.साठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं. त्यात ‘वाटेत बाथरूम नसेल’ म्हणून आपल्या आया सकाळपासून पाणीच पीत नाहीत! मागे एका काकूंना अनहिंगाच्या फळ्यांवर घेरी आली. पर्समधली पाण्याची बाटली सीलबंद होती. त्यामुळे गोळ्या चालू असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. गोळी परस्पर बंद करू नका. चालताना कुणी बरळायला लागलं, गोंधळलं, तर सावलीत न्या, अंग ओलं करा आणि लगेच ९११ या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा.

जूनमध्येच जायचं असेल तर सकाळी सातला वाटेवर, दहाला गाडीत. दुपारी ढग चढतात. गडगडाट ऐकू आला की फोटो राहू द्या, गाडीत बसा. छत्री उघडून फळ्यांवर उभं राहणं म्हणजे विजेला आमंत्रण. आणि खरं सांगू? तिकिटं अजून काढली नसतील तर जानेवारीची काढा.

अ‍ॅलिगेटर मागे लागला तर नागमोडी पळायचं म्हणतात. खरं का?

व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान. तो मागे लागेल इतकं जवळ जायचंच नाही. किमान १५ फूट लांब, लहान मुलाचा हात हातात. पोळीचा तुकडासुद्धा टाकायचा नाही. तो गुन्हा आहे, आणि माणसाला चटावलेला प्राणी शेवटी मारावा लागतो.

एअरबोट, अ‍ॅलिगेटर शो आणि ‘नेचर वॉक’ असं पॅकेज घेऊ का?

एअरबोट म्हणजे मागे मोठा पंखा लावलेली सपाट बोट. तिची मजा घ्यायची तर जरूर घ्या, आवाज फार म्हणून कानात बोळे घालून. पण त्यातला ‘वॉक’ बहुतेकदा पिंजऱ्यांपासून गिफ्ट शॉपपर्यंतचा असतो. किती चालणार, कुठे चालणार, हे लेखी विचारा.

गंबो लिंबोहून आल्यावर नवऱ्याच्या हातावर फोड आले. मैत्रीण म्हणते हळद-खोबरेल लावा.

काही लावू नका, डॉक्टरांना दाखवा. चेहऱ्यावर किंवा डोळ्यांशी असेल तर आजच. न बघता सांगता येत नाही, पण मला पॉयझनवूडची शंका आहे. खोडावर डांबरासारखे काळे डाग असतात. ते आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं झाड. बिब्बा उततो तसंच हे उततं. त्याच्याखाली पावसात आडोसाही घेऊ नये. घातलेले कपडे वेगळे धुवा.

कुत्रा आणला तर?

वाटांवर बंदी आहे.

रॉयल पामला लोक गाड्यांवर ताडपत्री का घालतात? ऊन लागतं म्हणून?

गिधाडं. काळी गिधाडं वायपरचं आणि काचेभोवतीचं रबर चोचीने ओढून काढतात. ताडपत्री आणि बांधायचे पट्टे तिथेच ठेवलेले असतात, फुकट. चारही कोपरे बांधा, आणि परत जाताना घडी करून जागेवर ठेवा.